चार किलो नऊशे

पद्मजा मगदूम कामाला लागली तेव्हा सांगलीच्या त्या कचेरीत बेचाळीस माणसं बसायची. दवाखान्यांतून आलेले केसपेपर वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक बाळंतपणाला त्याचा ठरलेला क्रमांक द्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्याला कोडिंग म्हणत. पुढे यंत्रं ते काम शिकली आणि माणसं एकेक करून उठून गेली. कुणी मुलाकडे गेलं, कुणी दुकान टाकलं. २०४३ साली त्या हॉलमध्ये एकटी पद्मजा उरली. बाकीच्या टेबलांवर कापडं टाकलेली होती. दुपारी डबा उघडला की तिला स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा. खाली पहारेकरी होता, पण तो दर महिन्याला बदलायचा, त्यामुळे कुणाचं नाव पाठ व्हायच्या आत नवा यायचा.

तिला ठेवलं होतं ते एका नियमामुळे. नवजात बाळाच्या बाबतीत कागद एक सांगत असेल आणि तपासणी दुसरंच, तर शेवटची सही माणसाचीच हवी, असा तो नियम होता. आणि असा घोळ सगळ्यात जास्त व्हायचा मोठ्या बाळांच्या बाबतीत. साडेचार किलोच्या वरची बाळं. चार जिल्ह्यांतली अशी सगळी बाळं पद्मजाच्या पडद्यावर येत.

पूर्वी अशा बाळाला एकच क्रमांक पुरायचा. वजन बघितलं, 'असाधारण मोठं बाळ' असं लिहिलं, काम झालं. नाळवाचक नावाचं यंत्र आलं आणि ते सोपेपण गेलं.

आईच्या रक्तात साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन पलीकडे जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन तयार करायला लागतं, आणि त्याने बाळाचं अंग वाढतं. मुख्य म्हणजे खांद्यांवर आणि पोटावर चरबी चढते. डोकं त्या मानाने वाढत नाही. म्हणून बाळंतपणात डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्या साखरेचा हिशेब नाळेत लिहिलेला राहतो. साखर प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी याच आधारावर होते. नाळेतला गर थरांनी वाढतो आणि प्रत्येक थर त्या त्या आठवड्याची साखर धरून ठेवतो. नाळवाचक त्या थरांतून प्रकाश सोडायचा आणि कागदावर एक रेघ काढायचा. पहिल्या आठवड्यापासून शेवटच्यापर्यंत. तिला साखररेषा म्हणू लागले.

रेषा सपाट असेल तर बाळ मुळातच थोराड, आईबापाच्या अंगलटीवर गेलेलं. रेषा चढलेली असेल तर क्रमांक वेगळा, आणि त्याच्यापुढे दोन शब्द: 'कारण मातृक'. हे दोन शब्द बाळाच्या आरोग्यपत्रिकेवर पहिल्याच पानावर यायचे. ते असले की त्या मुलाची आयुष्यभर ठरावीक वयाला साखरेची आणि हृदयाची तपासणी व्हायची. अशा मुलांना तिशीच्या आसपास दुखणी लागतात, आणि वेळेत कळलं तर टळतात. शब्द तेवढ्यासाठीच होते. पण पत्रिका घरात सगळेच वाचत.

एकदा जतहून एका बाईचा फोन आला. नाव स्वरूपा. मुलगी बावीस दिवसांची होती, जन्माचं वजन चार किलो सातशे.

"मॅडम, तेवढे दोन शब्द काढता येतील का?" तिने विचारलं. "बाकी सगळं राहू दे."

"का हो, काय झालं?"

"सासूबाईंनी पत्रिका देव्हाऱ्याशेजारी लावलीय. येईल त्याला दाखवतात. म्हणतात, बघा, यंत्रानंच लिहून दिलंय."

पद्मजाने तिची रेषा पुन्हा काढून बघितली. तिसाव्या आठवड्यापासून चढ होता, शंकेला जागा नव्हती. "स्वरूपा, ते शब्द तुमच्यावर ठपका म्हणून नाहीत. मुलीच्या तपासण्या त्याच्यावर अवलंबून आहेत. काढले तर तिचं नुकसान होईल."

मग बाई म्हणाली, "तुम्हाला म्हणायला सोपं आहे, मॅडम." आणि फोन ठेवला.

पद्मजाने नोंद तशीच ठेवली. जेवणाच्या वेळी मात्र तिने डबा उघडला नाही.

त्याच वर्षी जुन्या नमुन्यांचं पुनर्वाचन सुरू झालं. कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत वारेचे आणि नाळेचे तुकडे मेणाच्या वड्यांत घालून वर्षानुवर्षं ठेवलेले होते. नाळवाचक तेही वाचू शकतो असं लक्षात आलं. त्या वेळची मोठी बाळं आता तिशीत होती. ज्यांची रेषा चढलेली निघेल त्यांना पत्र पाठवून तपासणीला बोलवायचं ठरलं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला पद्मजाच्या पडद्यावर एक जुनी नोंद आली. जन्म २०१२, मुलगा, वजन चार किलो नऊशे. डाव्या खांद्याच्या शिरांना इजा. आईचं नाव: पद्मजा भरतेश मगदूम.

तिने आधी ते नाव नुसतं वाचलं, दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं. मग तिचे हात टेबलावरून खाली मांडीवर आले.

नोंदीच्या खाली यंत्राने अडचण लिहिली होती. साखररेषा सव्विसाव्या आठवड्यापासून चढलेली. उलट केसपेपरवर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात लिहिलेलं: 'साखरेची तपासणी नॉर्मल, रुग्णाने सांगितल्याप्रमाणे.' मेणातला नमुना जुना, त्यामुळे रेषेची खात्री ऐंशी टक्के. कागद ग्राह्य धरायचा की रेषा, ते माणसाने ठरवावं.

रेषा खरी होती. ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्याच खुर्चीत बसलेलं होतं.

सातव्या महिन्यात पद्मजा गावाहून एकटीच सांगलीला येऊन साखर तपासून गेली होती. तिचा नवरा भरतेश शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याला सुट्टी नव्हती. प्रयोगशाळेतल्या माणसाने कागद देताना सांगितलं, "ताई, थोडी जास्त दिसतीय. डॉक्टरांना दाखवा, परत एकदा करायला लागेल." तिच्या वडिलांना साखर होती. रोज दोन वेळा ते पोटात सुई टोचून घ्यायचे, आणि शेवटी शेवटी त्यांना नातेवाईक आवाजावरून ओळखावे लागायचे. ती एसटी स्टँडवर बसली आणि तिने तो कागद फाडून टाकला. गोड खायचं बंद करू, होईल सगळं नीट, असं तिने मनाशी ठरवलं. गोड बंदही केलं. घरी विचारल्यावर म्हणाली, "नॉर्मल आहे."

डॉक्टरीणबाईंना पोटाचा घेर बघून शंका आली होती. त्या म्हणाल्या, "बाळ मोठं वाटतंय. मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेता का?" भरतेशने पद्मजाकडे बघितलं आणि मग त्यांना विचारलं, "तपासणी तर नॉर्मल आहे. मग इथंच केलं तर चालेल ना?" गावातच बाळंतपण झालं. डोकं आलं आणि खांदा अडकला. बाईंनी ओढून काढलं म्हणून मूल जगलं, पण डावा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. बाईंनी वार आणि नाळ मिरजेला तपासायला पाठवली. काही दोष नाही असं उत्तर आलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

मुलाचं नाव सन्मती ठेवलं. भरतेशने रोज सकाळी त्या हाताला तेल लावलं, दहा वर्षं, एक दिवस न चुकता. मिरजेला न नेण्याचा निर्णय आपण घेतला, हे तो कधी विसरला नाही. पूर्वी घरात मोठ्याने गाणारा माणूस, हळूहळू त्याचं बोलणं कामापुरतं उरलं. पद्मजाला अनेकदा वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, सणवार होऊन जाऊ दे. मग परीक्षा होऊ दे. सन्मती सोळा वर्षांचा असताना त्याला कॉलेजच्या कबड्डीच्या संघातून पहिल्याच दिवशी परत पाठवलं. तो घरी येऊन वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मिरजेला नेलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" भरतेश म्हणाला, "खरं आहे. माझंच चुकलं." पद्मजा आत भाकरी थापत होती. तिने ती भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली, आणि बाहेर आली नाही.

भरतेश तीन वर्षांपूर्वी गेला. शाळेतून आला, खुर्चीत बसला, आणि उठला नाही.

त्या मंगळवारी दुपारी पद्मजाने पुण्यातले तिचे वरिष्ठ शेंडगे यांना पडद्यावर बोलावलं. "साहेब, एक नोंद माझ्या स्वतःच्या मुलाची आहे. मी सही करणं बरोबर नाही."

शेंडगे तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, भला माणूस. त्यांनी नोंद उघडून बघितली. "बरोबर तर नाहीच, मॅडम. पण द्यायचं कुणाला? कोल्हापूरच्या सबनीस गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. सोलापूरची जागा रिकामीच आहे." मग ते म्हणाले, "'अनिर्णित' करून टाका. तशा शेकडो आहेत. त्याला पत्र जाणार नाही, बाकी काही होणार नाही. कुणी विचारणार नाही तुम्हाला."

"पत्र गेलं नाही तर तपासणीही होणार नाही."

"तेही खरंच," शेंडगे म्हणाले. "तुम्ही बघा मॅडम काय ते. माझं काही म्हणणं नाही."

तीन दिवस ती नोंद तशीच उघडी राहिली. पद्मजा बाकीची कामं करत होती. आष्ट्याचं बाळ, विट्याचं बाळ, जतहून आलेलं आणखी एक. मधेच ती नोंद वर काढून बघायची आणि परत खाली सारायची. 'अनिर्णित' हा शब्द तिला फार सोयीचा वाटत होता, आणि सोयीचा वाटतोय हेच तिला खात होतं. एकतीस वर्षं तिने तेच तर केलं होतं. सन्मतीचं आता तिशी ओलांडलेलं वय होतं. त्याला काही होत असेल तर ते आत्ता सुरू होत असणार. दिवाळीत आला तेव्हा तो सारखा पाणी पीत होता, असं तिला आठवलं. ते खरंच आठवलं की आता मन रचतंय, ते तिला ठरवता येईना.

शुक्रवारी दुपारी तिने केसपेपर अग्राह्य ठरवला. कारण लिहिण्याच्या रकान्यात तिने लिहिलं: 'रुग्णाने चुकीची माहिती दिली होती. रुग्ण मी स्वतः.' क्रमांक घातला, 'कारण मातृक' लिहिलं आणि सही केली. पत्र निघायला चार दिवस लागत. शनिवारी सकाळी तिने बेळगावची गाडी धरली.

सन्मती तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. एकटाच राहायचा. दार उघडून तो म्हणाला, "फोन नाही काही नाही? बरं आहे ना?"

"बरं आहे. तुझ्याशी बोलायचं होतं."

त्याने चहा ठेवला. उजव्या हाताने पातेलं उतरवलं आणि कप कट्ट्यावर न ठेवता खाली स्टुलावर ठेवून भरले. डाव्या हाताला ती उंची सोयीची पडायची. पद्मजाने मदतीला हात पुढे केला नाही, त्याला ते आवडायचं नाही. चहा तसाच ठेवून तिने सांगितलं. प्रयोगशाळेतला माणूस, स्टँड, फाडलेला कागद, घरी सांगितलेलं खोटं. मधे ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सन्मतीने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "अप्पांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत नाही."

"मी त्यांना बोललो होतो एकदा. कबड्डीवरून आलो त्या दिवशी. तू आत होतीस."

"होते."

"ऐकलंस?"

"सगळं ऐकलं."

तो उठून खिडकीपाशी गेला. पाठमोरा उभा राहिला की त्याचा डावा खांदा जरासा पुढे झुकलेला दिसायचा. भरतेश त्याच खांद्याला तेल चोळताना हळू आवाजात पाढे म्हणून घ्यायचा, म्हणजे पोराचं दुखण्याकडे लक्ष जाऊ नये. गणित त्याला तिथूनच लागलं असावं.

"पत्र का येणार आहे?" त्याने वळून न बघता विचारलं.

"साखर आणि हृदय तपासायला. तुझ्या वयाला करायलाच पाहिजे. त्यासाठीच मी..." तिने वाक्य सोडून दिलं. तेवढ्यासाठीच आली असं म्हणणं पुन्हा खोटं झालं असतं. "अप्पांचं काही चुकलं नव्हतं, सन्मती. हे तुला माझ्याकडून कळायला पाहिजे होतं. आधीच."

"हो, आधीच," तो म्हणाला. आणि मग, "गाडी किती वाजता आहे तुझी?"

गाडी तीन तासांनी होती. तो तिला स्टँडपर्यंत सोडायला आला. दर वेळी तो तिची पिशवी घ्यायचा, त्या दिवशी ती पद्मजाच्याच हातात राहिली. गाडी लागल्यावर तो म्हणाला, "पोचलीस की कळव." तिने पोचल्यावर कळवलं. त्याने वाचल्याची खूण आली. बस.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, तो बंद झाला. पहिले काही रविवार पद्मजा फोन जवळ घेऊन बसली. मग भाजी आणायला मुद्दाम त्याच वेळी जायला लागली, म्हणजे आला असता तर चुकला असता असं म्हणता यावं. वाढदिवसाला तिने फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी 'थँक्स' असं एका शब्दाचं उत्तर आलं. भरतेशच्या श्राद्धासारखं काही त्यांच्यात नसतं, पण त्याच्या जाण्याच्या तारखेला ती दरवर्षी बस्तीत, त्यांच्या जैन मंदिरात, जायची. त्या वर्षी पुजारी म्हणाले, "मुलगा आला होता की काल. तासभर बसला होता." सांगलीत येऊन तो घरी न येता परत गेला होता. ती "हो, माहीत आहे," असं म्हणाली आणि पायऱ्या उतरताना तिला कळलं की आपण परत एक खोटं बोललो. ती पुन्हा वर गेली आणि म्हणाली, "मला माहीत नव्हतं तो आलेला." पुजाऱ्यांना तिने एवढं वर येऊन हे का सांगितलं ते कळलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

कचेरीत काम कमी होत चाललं होतं. तरी काही महिन्यांनी स्वरूपाच्या मुलीच्या तपासणीचा कागद आला, सगळं ठीक होतं. पद्मजाने तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"स्वरूपा, मी सांगलीहून मगदूम. मुलगी छान आहे, तेवढंच सांगायला फोन केला." मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, मला म्हणायला सोपं आहे. सोपं नव्हतं. माझ्या मुलाच्या पत्रिकेवर पण तेच शब्द आहेत."

मग स्वरूपाने विचारलं, "घरात कोण काय बोललं तुम्हाला?"

"कुणी काही बोललं नाही," पद्मजा म्हणाली. "बोलायला कुणी नाही."

"मग तर जास्तच वाईट," स्वरूपा म्हणाली. नंतर तिने पत्रिका देव्हाऱ्याजवळून काढून कपाटात ठेवल्याचं सांगितलं. मुलीला नुकतं पालथं पडता यायला लागलं होतं.

पत्रं गेल्यानंतर नऊ महिन्यांनी पुनर्वाचनातल्या माणसांचे पहिले अहवाल यायला लागले. ज्याने मूळ नोंदीवर सही केली त्याच्याकडेच अहवाल यायचा. सन्मतीचा अहवाल एका बुधवारी आला. पद्मजाने तो आकड्यांपासून वाचायला घेतला. हृदय ठीक. साखर वाढायला लागलेली, पण अगदी सुरुवात. औषध नको, चालणं आणि खाण्यावर लक्ष पुरे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तिने तो भाग दोनदा वाचला आणि मग मोकळा श्वास घेतला.

अहवालाच्या शेवटी एक प्रश्न होता: 'जन्माच्या वेळची माहिती आपल्याला कशी कळली?' पत्र, दवाखाना, अन्य. बहुतेक जण 'पत्र' यावर खूण करून मोकळे होत. सन्मतीने 'अन्य' निवडलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: 'पत्र यायच्या आधी आईने घरी येऊन स्वतः सांगितलं.'

यंत्राने त्या ओळीभोवती पिवळी चौकट काढली होती. माहितीला लेखी पुरावा नाही, ग्राह्य धरावी का, ते माणसाने ठरवावं.

पद्मजाने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि 'ग्राह्य' यावर बोट ठेवलं. चौकट गेली, ओळ राहिली. ती ओळ समोर ठेवून ती बसून राहिली. इतका वेळ बसली की पडद्यावर आपोआप एक प्रश्न उमटला: 'आपण जागेवर आहात का?'

"आहे," ती म्हणाली. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज तिलाच जरा मोठा वाटला.